पानिपत की पहिलं महायुद्ध?

भाची नववीत. प्रकल्पासाठी दोन विषय समोर ठेवून आठवडाभर घोळ चाललाय. दुकानात पानिपतचा तयार चित्रांचा तक्ता मिळतो, तो मी आधीच बाद केला.

साहित्य म्हणाल तर पानिपतवर मराठीत ढीगभर. १४ जानेवारी १७६१, सदाशिवराव भाऊ, विश्वासराव, इब्राहिमखान गारदी ही नावं घरातल्या आजीलाही पाठ. पण म्हणूनच वर्गातले निम्मे जण हेच आणतील. शिवाय मृतांचे आकडे प्रत्येक पुस्तकात वेगळे, ते सरसकट उतरवले की तोंडी परीक्षेत फजिती. त्यापेक्षा उपासमारीवर भर द्यावा: अब्दालीने रसद तोडली आणि सैन्य अन्नावाचून खंगलं.

महायुद्धाला कष्ट जास्त. दहा लाखांवर भारतीय माणसं परदेशी गेली, त्यांत मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात. तिथल्या कुत शहराचा वेढा डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ चालला, तिथेही उपासमारच. मराठीत वाचायला कमी. पण सातारा, कोल्हापूरकडच्या काही गावांत अजून पाटी दिसते: गावातून इतके गेले, इतके परतले नाहीत. अक्षरं झिजलेली, वर चुन्याचा हात. तिचा फोटो आणि एखाद्या म्हाताऱ्याची मुलाखत, एवढ्यात प्रकल्प उभा राहतो. खर्च फक्त एसटीचा.

नकाशा दोन्हींना लागतोच.

चार दिवस हातात असतील तर पानिपत घ्या. महिना असेल आणि गाव त्या पट्ट्यातलं असेल, तर महायुद्ध. भाचीचं आजोळ साताऱ्याकडचं आहे, रविवारी निघतोय.