व्हेरिएबल सापडलं नाही तर: डिफॉल्ट द्यावा की अडवावं?

डॉकर कंपोज म्हणजे एका फाइलीवरून प्रोग्रामचे कंटेनर (वेगळे डबे) चालवणारं साधन. त्या फाइलीत व्हॅल्यू थेट न लिहिता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचं (बाहेरून व्हॅल्यू पुरवणारी खूण) नाव टाकायचं, हे आता बहुतेक जण करतातच. प्रश्न पुढचा आहे. ते व्हेरिएबल मिळालंच नाही तर? नावापुढे `:-` लावून डिफॉल्ट द्यायचा, की `:?` लावून कंपोजला तिथंच अडवायचं? काहीच लावलं नाही तर नुसती वॉर्निंग येते आणि जागा रिकामी राहते, म्हणून तो पर्याय मी धरतच नाही.

`:-` चं सुख मोठं आहे. टीममध्ये नवा मुलगा आला, रेपो (कोडचा साठा) उतरवली, की पाच मिनिटांत सगळं चालू. `:?` मात्र साधं डाउन (सगळं बंद) करतानाही अडून बसतं. वैताग येतो, खरंय.

तरी मी `:?` कडे वळलो ते लातूरच्या एका आडत दुकानामुळे. तिथला हिशोबाचा प्रोग्राम मी सांभाळतो. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनची आवक, पट्टीसाठी शेतकरी उभे. डेटाबेसचं नाव मी टर्मिनलमध्ये एक्सपोर्ट केलेलं, म्हणजे त्या टर्मिनलपुरतंच ठेवलेलं, आणि फाइलीत डिफॉल्ट होता चाचणीचा डेटाबेस. लाईट गेली, आली. मी संभाजीनगरातून लॉगिन करून अपची (सगळं चालू करायची) कमांड दिली. नव्या टर्मिनलला ते एक्सपोर्ट कुठून माहीत असणार? कंपोजनं कंटेनर नव्यानं बनवला, तो चाचणीच्या डेटाबेसवर. एरर नाही, स्क्रीन तीच, बटणं तीच. दुपारी मुनीमकाकांचा फोन आला, "सर, कालची बाकी दिसंना झालीय." तोवर चाळीसेक पट्ट्या भलतीकडेच गेल्या होत्या. रात्री बसून एकेक पट्टी, वजन, हमाली, तोलाई ताडून मी खऱ्या डेटाबेसात चढवली. `:?` असतं तर दुकान फार तर दहा मिनिटं थांबलं असतं.

तुमचं काम स्वतःच्या लॅपटॉपपुरतंच असेल तर `:-` पुरेसं असेल कदाचित. मीही पोर्ट, टाइमझोन, लॉगची पातळी यांना तेच ठेवलंय. पण डेटाबेस आणि पासवर्डला `:?`, आणि व्हॅल्यू एक्सपोर्टमध्ये नाही, डॉट-एन्व्ह फाइलीत (कंपोज स्वतःहून वाचतं ती). फक्त एक, टर्मिनलमध्ये जुनं एक्सपोर्ट शिल्लक असेल तर ते या फाइलीवर मात करतं. म्हणून अप करण्याआधी कंपोजची कॉन्फिग कमांड चालवून भरलेल्या व्हॅल्यू डोळ्यांनी बघून घ्या. प्रश्नचिन्हापुढचा, म्हणजे अडवताना दिसणारा, मजकूर मी मराठीत लिहितो, "डेटाबेसचं नाव भरलेलं नाही". दुकानातला पोरगाही तो फोनवर वाचून दाखवतो.