पाच दिव्यांचा ‘भूतमीटर’: भानामतीच्या तपासात कितपत कामाचा?

पत्र्यावर दगड वाजू लागले, फडताळातली भांडी आपोआप खाली येऊ लागली, दोरीवरची साडी जळाली, की घरात ‘भानामती’ हा शब्द येतो. त्यामागोमाग हल्ली ऑनलाइन मागवलेला पाच दिव्यांचा ईएमएफ मीटरही (विजेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र) येतो. ‘भूत ओळखणारं यंत्र’ म्हणून तो विकला जातो. आमचं मत आधीच सांगतो: घरातली वीज तपासायला तो चांगला आहे, भानामती तपासायला नाही. घाबरलेल्या घरात तर त्याने नुकसानच होण्याची शक्यता जास्त.

यंत्र साधं आहे. मुठीत मावणारी डबी, आत नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, वर हिरव्यापासून लालपर्यंत पाच दिवे. पहिला दिवा यंत्र चालू असल्याचा. पुढचे साधारण दीड, अडीच, दहा आणि वीस मिलिगॉसला (मिलिगॉस आणि मायक्रोटेस्ला ही चुंबकीय क्षेत्राची मापं) लागतात. वीस मिलिगॉस म्हणजे दोन मायक्रोटेस्ला. पन्नास हर्ट्झच्या विजेसाठी सामान्य माणसाला चालणारी आंतरराष्ट्रीय मर्यादा (२०१०) दोनशे मायक्रोटेस्ला आहे. लाल दिवा लागतो तो या मर्यादेच्या शंभराव्या भागाला, त्यामुळे तो बघून घाबरण्याचं कारण नाही. पृथ्वीचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र आपल्याकडे चारशे मिलिगॉसच्या आसपास असतं, पण ते स्थिर असल्यामुळे हा मीटर ते दाखवत नाही. त्याला फक्त बदलतं क्षेत्र कळतं.

असं क्षेत्र कुठल्याही घरात असतंच. इन्व्हर्टर, फ्रिजचा कॉम्प्रेसर, मीटरबोर्ड, चालू मिक्सर, यांच्याजवळ नेला की पाचही दिवे. फ्लॅटमध्ये सामाईक भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा फ्रिज असला तर आपल्या रिकाम्या भिंतीवरही दिवे लागतात. जिन्याच्या टू-वे स्विचला इलेक्ट्रिशियनने न्यूट्रल दुसऱ्याच सर्किटवरून घेतलं असेल तर फेज आणि न्यूट्रल वेगवेगळ्या वाटेने जातात आणि अख्खी खोली लाल दाखवते. हा वायरिंगचा खरा दोष आहे. तो सापडला तर मीटरचे पैसे वसूल झाले म्हणायचे.

त्यासाठी तो नीट वापरावा लागतो. सगळे मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, कारण कॉल येताना मोबाइल मीटरचे दिवे नाचवतो. मीटरला एकाच दिशेतलं क्षेत्र नीट कळतं, म्हणून तो उभा, आडवा आणि पालथा असा तीनदा धरा आणि सर्वांत जास्त किती दिवे लागले ते लिहा. मग तेच तीन फुटांवरून. त्यानंतर एकेक एमसीबी (प्रत्येक सर्किटचा बोर्डावरचा सुरक्षा-स्विच) बंद करत जा. जिथे दिवे विझतात तिथे दोषी सर्किट. ज्या मॉडेलमध्ये बटण दाबून धरावं लागतं, ते टाळा. अंगठ्याचा दाब कमीजास्त झाला की दिवे लुकलुकतात आणि लोकांना वाटतं, कुणीतरी प्रश्नांची उत्तरं देतंय.

यातली घातक बाजू वेगळीच आहे. वीस मिलिगॉसने स्टीलची वाटीसुद्धा हलत नाही. दगड, जळके कपडे आणि हे दिवे यांचा काही संबंध नाही. पण खिशात मोबाइल असलेल्या सुनेजवळ किंवा पंधरा वर्षांच्या मुलीजवळ दिवा लाल झाला, की घरातली माणसं तिच्याकडे ज्या नजरेने बघतात, ती नजर पुसायला वर्षं लागतात.

आवाजाच्या तक्रारीत नाशिककरांनी आधी शहराचा नकाशा बघावा. देवळाली कॅम्पच्या बाजूला तोफांचा सराव असला की तावदानं थरथरतात. अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींच्या लगतच्या कॉलन्यांत रात्रपाळीच्या पॉवर प्रेसचा (पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्राचा) हादरा फडताळातल्या काचेपर्यंत येतो. बशी कडेकडे सरकत राहते आणि पहाटे पडते. महापालिकेचं पाणी येण्याच्या वेळी पाइपातली हवा दाराबाहेर कुणी ठोकावं तशी ठोकते. जुन्या नाशकातल्या वाड्यांत दिवसभर तापलेला पत्रा आणि सागवानी तुळया थंडीच्या रात्री आकसताना कडकडतात. बंद केलेला एलईडी बल्ब रात्री मंद उजळत असेल, तर स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेला असतो किंवा स्विचमध्येच छोटा इंडिकेटर असतो. बिनतारी बेल आपोआप वाजते, कारण शेजारच्या बेलचा कोड तोच असतो.

पैसे खर्च करायचेच असतील तर पहिला मान कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मला. बाथरूममध्ये गॅस गिझर आणि खिडकी बंद, ही मांडणी नाशिकच्या थंडीत घरोघरी दिसते. या वायूला वास नाही. डोकं दुखणं, छातीवर दाब, कुणीतरी मागे उभं असल्याचा भास, पावलांचे आवाज, हे सगळं त्याने होऊ शकतं. अमेरिकेतले नेत्रवैद्य विल्मर यांनी १९२१ साली अशाच एका ‘झपाटलेल्या’ घराची हकिकत वैद्यकीय मासिकात छापली. दोष घर तापवणाऱ्या बिघडलेल्या भट्टीचा निघाला. युरोपीय मानकाचा अलार्म पन्नास पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत वायूचे पन्नास भाग) तास ते दीड तासात, तीनशेला तीन मिनिटांच्या आत वाजतो. डबीवर सेन्सरची मुदत छापलेली असते, ती बघूनच घ्या. आणि तो वाजो न वाजो, गिझर बाथरूमबाहेर हलवाच.

लाल ठिपक्याचा इन्फ्रारेड थर्मामीटर ‘थंड जागा’ शोधायला घेऊ नये. तो हवेचं नव्हे, समोरच्या पृष्ठभागाचं तापमान मोजतो आणि चकचकीत पितळेवर तर साफ चुकतो.

कॅमेरा घ्यावा, पण मोशन सेन्सरवर ठेवू नये. सेन्सर जागा होईपर्यंत पहिला क्षण निघून जातो, आणि फेकणारा हात त्याच क्षणात असतो. सलग रेकॉर्डिंग लावा, कॅमेऱ्याचं आणि भिंतीवरच्या घड्याळाचं सेकंदापर्यंत जुळवा. रात्रीच्या चित्रातले तरंगणारे पांढरे गोळे म्हणजे भिंगाजवळची धूळ.

या सगळ्याहून कामाची वस्तू म्हणजे दोनशे पानी वही. प्रत्येक घटनेला एक ओळ: वेळ, वस्तू, कुठून कुठे, आणि मुख्य म्हणजे त्या क्षणी घरातला प्रत्येक माणूस कुठे होता, कुणी कुणाला प्रत्यक्ष पाहत होतं. ‘सगळे होते’ असं लिहिलेली ओळ बाद. दगडावर खडूने क्रमांक घालून तो पिशवीत ठेवा. बांधकामाची खडी आहे की गोदेचा गुळगुळीत गोटा, यावरून तो कुठून आला ते कळतं. दगड कोमट लागला तर तो मुठीत किंवा खिशात होता का, हे आधी तपासा. मग घरातल्या सगळ्यांना तासभर एका खोलीत, हात दिसतील असे बसवा आणि बाहेर चारही बाजूंना माणसं उभी करा. त्या तासात काही घडलं नाही, तर दुसऱ्या दिवशी घरातल्यांचे दोन गट करून हेच करा. आठवडाभराच्या नोंदी एकत्र वाचल्या की एकच नाव प्रत्येक ओळीत दिसू लागतं. त्र्यंबक-अंजनेरीच्या बाजूला मात्र माकडांचा हिशेब आधी करावा.

कपडे पेटत असतील तर जळकी चिंधी झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा. लसणासारखा वास असेल तर फॉस्फरस. ओल्या फडक्यातला त्याचा तुकडा फडकं सुकल्यावर पेट घेतो, म्हणून आग लागते तेव्हा ती लावणारा जवळ नसतो. तपकिरी डाग असतील तर पोटॅशियम परमँगनेट. चिंधीला उघड्या हाताने शिवू नका. अंगावर उठलेल्या काळ्या फुल्या बहुतेकदा बिब्ब्याच्या तेलाच्या असतात. त्वचा काही तासांनी भाजते, म्हणून ‘आपोआप उठल्या’ असं वाटतं. त्यांवर देवऋषाचा अंगारा नको, त्वचेचे डॉक्टर हवेत.

नोंदी वाचायला घरातला माणूस नको, बाहेरचा हवा. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे (स्थापना १९८९) कार्यकर्ते असे तपास पैसे न घेता करतात. सापडलेलं नाव ते चारचौघांत सांगत नाहीत, आणि हीच त्यांच्या पद्धतीतली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. तो हात बहुधा घरातल्या सर्वांत दबलेल्या माणसाचा असतो. मोडलेलं शिक्षण, नको असलेलं लग्न, सासरचा जाच, असं काहीतरी त्या दगडामागे असतं. अशा माणसाला मारणं, बांधणं, चेटूक करतो म्हणणं हा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे: सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. त्याच्याशी एकट्याने, दार लावून, न ओरडता बोलावं. १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर चोवीस तास मराठीत बोलता येतं. आणि वही त्याच दिवशी कुलपात ठेवावी. नातेवाइकांनी मागितली तरी देऊ नये.