जालन्यातील दोन रात्रींचा मुक्काम

बियाणे कंपन्या आणि लोखंडी सळयांचे कारखाने यांमुळे जालन्यात कामानिमित्त येणाऱ्यांची वर्दळ वर्षभर असते, आणि मी उतरलो ते साधे हॉटेल मुख्यतः त्यांच्याच जिवावर चालते. खोली लहान असली तरी चादरी स्वच्छ होत्या, टेबलाशेजारीच प्लगची सोय होती आणि वीज गेल्यावर जनरेटर मिनिटभरात सुरू झाला. दिवसभर कारखान्यात फिरून रात्री अहवाल लिहिणाऱ्याला याहून फारसे काही लागत नाही.

गरम पाण्याची व्यवस्था मात्र त्रासदायक होती. ते सकाळी ६ ते ९ याच वेळेत मिळते, हे खोली देताना कोणी सांगितले नाही, त्यामुळे पहिल्या रात्री उशिरा पोहोचल्यावर थंड पाण्यानेच अंघोळ उरकावी लागली. तक्रारीनंतर दुसऱ्या रात्री न मागता बादलीभर गरम पाणी खोलीवर आले, हेही नमूद केले पाहिजे. न्याहारीचे पोहे चांगले, चहा नको तितका गोड.

बिल मात्र नीट तपासून घ्यावे, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीभाड्यावरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला असताना माझ्या बिलात आधी जुनाच दर लावला होता. व्यवस्थापकांनी चूक लगेच दुरुस्त केली. चेक-आउट २४ तासांच्या हिशेबाने असल्याने रात्री आलेल्याला सकाळी घाई करावी लागत नाही, आणि याच सोयीसाठी मी पुढच्या वेळीही येथेच उतरेन.