इथिओपियाची बुना की सहारातला चहा?

दोन्हीकडे रीत तीन फेऱ्यांची, आणि पाहुण्याने मध्येच उठणं दोन्हीकडे वाईटच दिसतं.

इथिओपियात कॉफीला ‘बुना’ म्हणतात. यजमानीण हिरवट बिया धुते, निखाऱ्यावर काळसर भाजते आणि धुरासकट तवा प्रत्येकासमोर फिरवते. तो धूर हाताने आपल्याकडे ओढायचा, वास मनापासून घ्यायचा. मग बिया खलात कुटायच्या आणि ‘जेबेना’ या उंच मानेच्या मातीच्या भांड्यात कॉफी उकळायची. जमिनीवर ताजं गवत, बाजूला धूप, खायला बऱ्याचदा मक्याच्या लाह्या. त्याच पुडीवर पुन्हा पाणी घालत अबोल, तोना, बरका अशा तीन फेऱ्या. बरका म्हणजे आशीर्वाद. तो सोडून कसं उठणार?

सहारातल्या मॉरिटानिया देशात आणि वाळवंटातल्या भटक्या तुआरेग लोकांच्या तंबूत मान चहाचा. हिरवी पत्ती चीनहून येते आणि या भागात चहा रुळला तो मुख्यतः 19व्या शतकात. कॉफीचं झाड मात्र इथिओपियाच्या स्वतःच्या जंगलातलं. चहा उंचावरून पेल्यात, पेल्यातून पेल्यात ओतत राहतात, जाड फेस येईपर्यंत. पहिला पेला कडू, पुढचे गोड होत जातात.

मला बुनाच जवळची वाटते. कच्च्या बीपासून कपापर्यंत सगळं डोळ्यांदेखत होतं, आणि भाजतानाच्या त्या वासाला तोड नाही. फिरस्त्या माणसाला मात्र चहाच सोयीचा: छोटी किटली, ओंजळभर कोळसे, साखर. सगळं उंटावरच्या एका पिशवीत मावतं.