शिलाईतले तीस रुपये आणि दुसरं खातं : नऊ महिने वापरल्यानंतर

मी अमळनेरला घरीच लेडीज शिलाई करते. ब्लाउज, ड्रेस, फॉल-पिको. आमच्या धंद्यात पैसा वर्षभर सारखा येत नाही. लग्नसराई आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, रात्रीचे बारा वाजले तरी मशीन थांबत नाही आणि आषाढ लागला की दिवसाला एक ब्लाउज आला तरी खूप. मध्ये श्रावणात कानबाईच्या सणाला थोडी गर्दी होते, मग थेट नवरात्र. त्यामुळे माझा प्रश्न वैशाखातला पैसा भाद्रपदापर्यंत पुरवायचा कसा, एवढाच होता. त्यासाठी फेब्रुवारी 2025 मध्ये मी दुसरं बचत खातं उघडलं. आता नऊ महिने झालेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधीचे उपाय सगळे करून झाले होते. डब्यातले पैसे पाहुणे आले की संपायचे. भिशी चांगली, पण नंबर लागेल तेव्हा पैसे मिळणार, आपल्याला लागतील तेव्हा नाही. दारावर पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे रोजची थोडी थोडी बचत, गोळा करायला येतात ती सोय मला मनापासून आवडते, पण माझ्या आईचे पैसे एका पतसंस्थेत अडकले, ते आजपर्यंत पूर्ण आले नाहीत. आमच्या जळगाव जिल्ह्यात हे किती घरांत झालंय ते सांगायला नको. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, प्रत्येक माणसामागे 5 लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेला तो नाही. आईला हे कोणी तेव्हा सांगितलं नाही, आणि म्हणून मी इथे आवर्जून लिहिते आहे.

आरडीचाही विचार केला. पोस्टात महिन्याला 100 रुपयांपासून सुरू होते, व्याज 6.7 टक्के. पण ती पाच वर्षांची, आणि हप्ता दर महिन्याला ठरलेला. श्रावणात माझा हप्ता चुकणार हे मला आधीच दिसत होतं. पोस्टाचं साधं बचत खातं 500 रुपयांत उघडतं आणि 4 टक्के देतं. माझ्या नणंदेचं तिथेच आहे. तिच्याकडून एक गोष्ट कळली: तिथे महिन्याच्या 10 तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी शिल्लक असेल तिच्यावर व्याज धरतात, म्हणून भरायचं ते 10 तारखेच्या आत भरावं. मी मात्र घरापासून पायी जाता येईल अशा सरकारी बँकेत शून्य शिलकीचं खातं काढलं. आधार आणि पॅन नेलं, दोन फोटो दिले, तिसऱ्या दिवशी पासबुक हातात. एक लक्षात ठेवा, ज्या बँकेत आपलं आधीच बचत खातं आहे तिथे शून्य शिलकीचं दुसरं मिळत नाही. बँक वेगळी धरावी लागते.

पैसे बाजूला काढायची पद्धत अशी. एका ब्लाउजमागे 30 रुपये, फॉल-पिकोचे काही नाही. कोणी फोनवरून पैसे दिले तर तेवढे 30 रोख काढून मशीनच्या ड्रॉवरमध्ये, हुकांच्या पाकिटाशेजारी एक पत्र्याची डबी आहे तिच्यात टाकायचे. टेबलाच्या कडेला मार्किंगच्या खडूने रेघ मारते. चार उभ्या, पाचवी आडवी. आठवड्याला रेघा मोजायच्या, डबीतले पैसे त्याच्याशी जुळवायचे आणि बँकेत जाऊन भरायचे. पैसे भरायचं मशीन दहा-वीसच्या नोटा घेत नाही, म्हणून मी काउंटरवरच भरते. रांग असते. पण भरण्यावर कसली मर्यादा नाही, काढणं मात्र महिन्याला चार वेळा मोफत.

आता त्रास काय झाला ते.

खातं उघडताना फॉर्मवर चार-पाच ठिकाणी सह्या घेतल्या. त्यातली एक सही सरकारी अनुदानाचे पैसे याच खात्यात यावेत याची होती, हे मला कोणी सांगितलं नाही. आधारवरून येणारे पैसे सगळ्यात शेवटी ज्या बँकेशी आधार जोडला तिथे जातात. लाडकी बहीणचे 1500 जुन्या खात्यात आलेच नाहीत. मी वाट बघत बसले. त्या पैशांवर माझ्या मशीनच्या कर्जाचा हप्ता ठरलेला होता, तो परत गेला आणि वर 295 रुपये दंड. पैसे कुठे गेले म्हणून दोन दिवस चकरा मारल्या, तर ते नव्या खात्यात येऊन पडलेले. फार संताप झाला. सही घेणाऱ्याला एक वाक्य बोलायला काय लागलं असतं? मग जुन्या बँकेत जाऊन आधार पुन्हा जोडून घेतलं. तुम्ही खातं उघडत असाल तर फॉर्म देतानाच तोंडाने सांगा, की अनुदान जुन्याच खात्यात राहू द्या. कोणतं खातं जोडलेलं आहे ते आधारच्या वेबसाइटवर दिसतं, किंवा फोनवरून *99*99*1# लावूनही कळतं.

तसाच अपघात विमाही निघाला होता. वर्षाला 20 रुपये, 2 लाखांचं संरक्षण. फेब्रुवारीत 20 कापले, मेअखेर पुन्हा 20. विचारलं तर कळलं की त्याचं वर्ष 1 जून ते 31 मे असतं. हा मी ठेवला. मी दिवसभर घरात बसून काम करणारी असले तरी माल आणायला जळगावला जाते-येते.

आणि एक चूक माझी स्वतःची, तीच सगळ्यात महाग पडली. सुरुवातीला मी हे खातंही फोनवर यूपीआयला जोडलं. शिल्लक बघता येईल म्हणून. आखाजीच्या आधी जळगावला फुले मार्केटमध्ये अस्तर आणि लेस घ्यायला गेले. जुन्या खात्यात पैसे कमी होते, दुकानदार थांबलेला, मागे गिऱ्हाईक उभं. मी दुसरं खातं निवडलं, पिन टाकला, 3,800 गेले. दहा सेकंदांत सव्वाशे ब्लाउजांच्या रेघा पुसल्या गेल्या. ते भरून काढायला आमच्या गावची सखाराम महाराजांची यात्रा उलटून गेली. घरी आल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "डोयासमोर पैसा ऱ्हायना, का तो जास." म्हणजे डोळ्यासमोर पैसा राहिला की तो जातोच. त्याच रात्री मी ते खातं फोनवरून काढलं, आणि एटीएम कार्ड त्यांच्या पेटीत, त्यांच्या लुगड्यांच्या खाली ठेवायला दिलं. किल्ली त्यांच्याकडे.

खरं सांगते, खातं उपयोगाला यायला लागलं ते त्या रात्रीपासून. तोपर्यंत ते जुन्या खात्याचाच दुसरा खिसा होता. आता पैसे काढायचे तर चालत जायचं, स्लिप भरायची, रांगेत उभं राहायचं. एवढ्या वेळात तो खर्च खरंच हवा आहे का, हे मनाशी ठरतं. मे महिन्यात दोनदा मी बँकेच्या दारातून परत आले.

आकडे लिहिते, म्हणजे कोणाला अंदाज येईल. जूनअखेरपर्यंत 398 ब्लाउजांचे 11,940 भरले होते. जुलै ते सप्टेंबर तीनदा काढले, मिळून 7,500. त्यात लाइट बिल होतं, दोन सिलिंडर, मुलाच्या शाळेची फी आणि भाद्रपदातला किराणा. यंदा पहिल्यांदा त्या तीन महिन्यांत कोणाकडे हात पसरावा लागला नाही. दरवर्षी मी भावाला फोन करायचे, आणि तो नाही म्हणत नाही हेच मला जास्त लागायचं. जुलै ते ऑक्टोबरमध्ये पुन्हा 5,700 भरले. व्याज तीन वेळा जमा झालं, एकूण 102 रुपये. दर अडीच टक्क्यांच्या आसपास, तेव्हा व्याजासाठी हे खातं कोणी उघडू नये. विम्याचे 40 जाऊन आज पासबुकात 10,202 आहेत.

नॉमिनी म्हणून मुलीचं नाव लावलंय, ते पासबुकावर छापून घेतलं. पतीला आणि सासूबाईंना खात्याबद्दल सगळं माहीत आहे. लपवून ठेवलेलं खातं दोन वर्षं तसंच पडलं तर बंद पडल्यात जमा होतं, आणि मग ते चालू करायला पुन्हा कागदपत्रं घेऊन जावं लागतं.

पुढे 15,000 झाले की त्यातून ओव्हरलॉक मशीनचे निम्मे पैसे द्यायचा विचार आहे. पण 6,000 खाली शिल्लक जाऊ द्यायची नाही, ते पुढच्या आषाढाचे आहेत.

तुळशीची लग्नं झाली, पुन्हा ब्लाउज यायला लागलेत. टेबलावर या आठवड्याच्या 19 रेघा आहेत. म्हणजे 570. सोमवारी भरायचे.