ऑर्डरच्या वहीपासून सुरुवात करणारी सोशल मीडिया नियोजन सेवा: सव्वा वर्षाचा अनुभव

औसा तालुक्यातील आमच्या गृहउद्योगात येसर (आमटीसाठीचे भाजणीचे मसालेदार पीठ), मेतकूट, काळा मसाला, कारळाची आणि शेंगदाण्याची चटणी बारा महिने तयार होते. उन्हाळ्यात त्यात कुरडया, पापड आणि शेवयांची भर पडते. सासूबाई, धाकट्या जाऊबाई आणि मी, अशा तिघीजणी हे काम सांभाळतो. आमचे ग्राहक मुख्यतः दोन प्रकारचे आहेत: शिकवणीसाठी लातुरात खोली घेऊन राहणारे विद्यार्थी, आणि नोकरीनिमित्त पुण्यात स्थायिक झालेली लातूर-धाराशिवकडची कुटुंबे. पुण्याचे पार्सल रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जाते. २०२४ च्या दिवाळीनंतर आम्ही लातुरातील एका तरुण जोडप्याकडून आमच्या सोशल मीडियाचे नियोजन करून घेण्यास सुरुवात केली. छोट्या व्यावसायिकांनी या सेवेवर पैसे खर्च करावेत की नाही, हे ठरवताना उपयोगी पडावे म्हणून हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

त्यापूर्वी एका दूरच्या शहरातील संस्थेला आम्ही आठ महिने पैसे दिले होते. त्यांच्याकडून दर महिन्याला बारा तयार चित्रे येत. चहा दिन, मैत्री दिन, छायाचित्रण दिन अशा दिवसांच्या त्या शुभेच्छा असत आणि कोपऱ्यात आमचे नाव व फोन क्रमांक असे. भाद्रपदात ‘गौरी आवाहनाच्या शुभेच्छा’ आल्या. आमच्याकडे त्या सणाला महालक्ष्म्या म्हणतात, आणि ग्राहकही त्याच नावाने कुरडया-पापड मागतात. चित्रे सुबक होती, पण आमच्या घरात काय तयार होते हे त्यांतून कोणालाही कळत नव्हते, आणि त्या आठ महिन्यांत त्यांच्यामुळे आलेली एकही ऑर्डर मला आठवत नाही.

लातूरच्या जोडप्याने पहिल्या भेटीत लोगो किंवा रंग यांविषयी काही विचारले नाही. त्यांनी ऑर्डरची वही मागितली. ओसरीवर बसून त्यांनी दोन वर्षांच्या वह्या पानोपान चाळल्या, कोणता पदार्थ कोणत्या महिन्यात आणि कोणत्या गावी गेला याची कागदावर मांडणी केली, आणि मग भिंतीवरची दिनदर्शिका उतरवून तिच्याशी ती मांडणी ताडून पाहिली. विद्यार्थ्यांच्या ऑर्डर जूनमध्ये आणि दिवाळीची सुट्टी संपल्यावर वाढतात, येसर पावसाळ्यात अधिक जाते, आणि पुण्याकडची मागणी सणाच्या आठ-दहा दिवस आधी येऊन नंतर एकदम थांबते, ही सारी माहिती आमच्याच वहीत होती. ती एकत्र करून पाहण्याचे आम्हाला सुचले नव्हते. या सेवेचे खरे मोल मला या पहिल्या दिवसाच्या कामात वाटते.

या पद्धतीचा पहिला प्रत्यय वेळ अमावस्येला आला. मार्गशीर्षातील या अमावस्येला लातूर-धाराशिवकडे घरेच्या घरे शेतात जातात, कडब्याच्या कोपीत पूजा मांडतात आणि भज्जी (शेंगा-भाज्यांची मिश्र भाजी), आंबील, बाजरीचे उंडे असे जेवण होते. बाजारात विकत मिळणाऱ्या ‘वर्षभराच्या पोस्ट’च्या यादीत हा सण सापडत नाही. पुण्यातील आमच्या ग्राहकांना मात्र गावी येणे जमले नाही तर त्या दिवशी सर्वाधिक चुकल्यासारखे होते. म्हणून नियोजनात अमावस्येच्या बारा दिवस आधी आंबिलीसाठीचे ज्वारीचे पीठ आणि बाजरीचे पीठ दाखवायचे, सात दिवस आधी सासूबाईंनी भज्जीची कृती सांगायची आणि चार दिवस आधी ‘आज रात्रीच्या ट्रॅव्हल्सने शेवटचे पार्सल’ असा संदेश द्यायचा, असे ठरले. पीठ विकण्याचा विचार आम्ही त्यापूर्वी कधी केला नव्हता. पहिल्याच वर्षी एकवीस घरांनी ते मागवले आणि दुसऱ्या वर्षी त्यांतील बहुतेकांनी आपण होऊन फोन केला.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यांनी चित्रीकरणाचे आणि प्रसिद्धीचे वेळापत्रक वेगवेगळे केले. शेतमालाशी आणि वाळवणाशी संबंधित कोणत्याही व्यवसायाला हे लागू पडेल. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजतात, मग चीक काढायचा, तो पहाटे हाटायचा आणि ऊन चढण्यापूर्वी साच्याने माळवदावर कुरडया घालून मोकळे व्हायचे. हे काम एप्रिलमध्ये होते. कुरडईला मागणी येते श्रावण-भाद्रपदात. त्या वेळी दाखवायचे म्हटले तर घरात फक्त डबे असतात. गेल्या एप्रिलमध्ये एका सकाळी त्यांनी मोबाइलवर लहान लहान उभे व्हिडिओ घेतले: भिजलेल्या गव्हाचे पातेले, चीक हाटताना सासूबाईंचे हात, साच्यातून पडणारी पहिली कुरडई. तेच पुढे महालक्ष्म्यांपर्यंत पुरले. महिना सुरू झाल्यावर त्या महिन्याचा विचार करणाऱ्या कोणत्याही सेवेला हे साधणार नाही.

माध्यमांची निवडही त्यांनी ग्राहक पाहून केली. जुन्या ग्राहकांसाठी व्हॉट्सॲप बिझनेस आणि नव्या ओळखीसाठी इन्स्टाग्राम, एवढेच ठेवले. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच संदेश अनेकांना एकदम पाठवण्याच्या यादीत, २५६ क्रमांक बसतात, आणि ज्याने आमचा क्रमांक त्याच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यालाच तो संदेश पोहोचतो; म्हणून प्रत्येक पार्सलमध्ये ‘आमचा क्रमांक या नावाने जतन करा’ अशी चिठ्ठी टाकण्यास त्यांनी सुचवले. इन्स्टाग्रामच्या पोस्ट आधीच लावून ठेवण्यासाठी त्यांनी मेटा बिझनेस सूट हे मोफत साधन जाऊबाईंना शिकवले. आता रविवारी दुपारी एका बैठकीत आठवड्याचे काम लावून होते आणि मसाला कुटताना फोन हातात घ्यावा लागत नाही.

त्यांचा काटेकोरपणा मला एका ठिकाणी विशेष आवडला. ज्वारीच्या पिठाच्या पोस्टमध्ये मी ‘मधुमेह बरा होतो’ असे लिहिले होते. तो मजकूर त्यांनी तत्काळ काढायला लावला, कारण अन्नपदार्थाने रोग बरा होतो असा दावा जाहिरातीत करण्यास २०१८ च्या अन्न सुरक्षा नियमांनी मनाई आहे, आणि इन्स्टाग्रामवरील पोस्ट हीदेखील जाहिरातच ठरते. पाकिटाच्या छायाचित्रात एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा अंकी क्रमांक स्पष्ट दिसेल, हेही ते दर वेळी पाहतात.

उणिवाही आहेत. सुरुवातीला त्यांनी आठवड्याला पाच पोस्ट ठरवल्या होत्या. लग्नसराईत येसराच्या ऑर्डरी आल्या तेव्हा ते आम्हाला अजिबात झेपले नाही आणि शेवटी तीनवर यावे लागले. हे त्यांनी आमचे मनुष्यबळ पाहून आधीच ओळखायला हवे होते. त्यांनी लिहून दिलेला मजकूर शुद्ध असतो, पण त्यात आमच्या बोलण्याचा सूर नसतो. ‘आस्वाद घ्या’ असे आमच्याकडे कोणी म्हणत नाही. आता मुद्दे त्यांच्याकडून घेतो आणि वाक्ये जाऊबाई लिहितात. त्या पोस्टवर विचारणा अधिक येते. पैसे देऊन करायच्या जाहिरातींचे त्यांचे ज्ञान बेताचे आहे, आणि तसे ते स्वतःच सांगतात. ज्यांना राज्यभर विक्री वाढवायची आहे त्यांना यासाठी दुसरा जाणकार पाहावा लागेल.

पहिल्या भेटीचे आणि तीन महिन्यांच्या आराखड्याचे त्यांनी ४,५०० रुपये घेतले. त्यानंतर महिन्याला १,५०० रुपये असतात. आधीच्या संस्थेला आम्ही याच्या दुप्पट देत होतो. रोज नवा माल येणाऱ्या कापड दुकानाला किंवा खानावळीला महिन्यातून एकदा होणारी त्यांची भेट अपुरी पडेल, असे मला वाटते. हंगामावर चालणाऱ्या घरगुती व्यवसायाला मात्र ही सेवा मी निःसंकोच सुचवीन.

आम्ही करार आणखी एका वर्षासाठी वाढवला आहे. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, म्हणजे आमच्याकडचा धोंड्याचा महिना आहे. जावयाला तेहेतीस अनारशांचे वाण देण्याची रीत असल्याने अनारशाच्या पिठाला मागणी येईल, हे त्यांनी जानेवारीतच आराखड्यात लिहून ठेवले. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, ती यंदा १४ सप्टेंबरला येत असल्यामुळे महालक्ष्म्यांच्या सगळ्या पोस्टही त्यांनी त्यानुसार पुढे सरकवल्या आहेत. अनारशाच्या पिठासाठी तांदूळ भिजवण्याचे चित्रीकरण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, कुरडयांच्या आधी करायचे ठरले आहे.