ओसाकातील बारा मिनिटे: ‘मेड इन जपान’मधील ‘चाइल्ड इन टाइम’

‘डीप पर्पल’ या इंग्लिश बँडच्या ‘मेड इन जपान’ या दुहेरी एलपीची, म्हणजे मैफलीत ध्वनिमुद्रित केलेल्या दोन मोठ्या तबकड्यांची, नव्याने छापलेली प्रत मी मे महिन्यात मागवली, आणि खरे सांगायचे तर ती एकाच गाण्यासाठी मागवली. पहिल्या बाजूवर ‘हायवे स्टार’ संपल्यानंतर सुरू होणारे ‘चाइल्ड इन टाइम’ हे ते गाणे होय. याच गाण्याची मूळ स्टुडिओतील आवृत्ती 1970 च्या ‘डीप पर्पल इन रॉक’ या ध्वनिमुद्रिकेवर आहे आणि ती सव्वादहा मिनिटांची आहे. ‘मेड इन जपान’वरची मैफलीतील आवृत्ती बारा मिनिटांच्या थोडी पुढे जाते. या दोन्हींपैकी कोणती घ्यावी आणि ती एलपीवर घ्यावी की सीडीवर, हा प्रश्न मला गेल्या दोन वर्षांत किमान चार ओळखीच्या मंडळींनी विचारला आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

या गाण्याची ख्याती बँडचा गायक इयान गिलन याच्या किंकाळ्यांमुळे आहे, आणि बहुतेक ऐकणारे त्या किंकाळ्यांवरूनच एका प्रयोगाची दुसऱ्याशी तुलना करतात. मला ती कसोटी अपुरी वाटते. हे गाणे जॉन लॉर्डच्या हॅमंड या विजेवर चालणाऱ्या ऑर्गनवर अतिशय हळू आवाजात सुरू होते, दोन-तीन सुरांची एक साधी आकृती पुनःपुन्हा येत राहते, ड्रम वाजवणारा इयान पेस झांजेवर नुसता स्पर्श करावा तसे वाजवतो, आणि मोजक्या चार ओळी म्हणून झाल्यावर गायक शब्द सोडून देतो. पुढचा सगळा चढ निव्वळ स्वराचा आहे. पहिल्या फेरीत गुणगुणणे, दुसऱ्या फेरीत तोच आकार भरल्या आवाजात, तिसऱ्या फेरीत वरच्या सप्तकातली किंकाळी. त्यानंतर कवायतीसारखा ठेका धरून वादनाचा भाग येतो, रिची ब्लॅकमोरची गिटार मोकळी सुटते, लय दुप्पट होते, आणि सगळे मिळून धावत धावत एका कड्याशी येऊन अचानक थांबतात. त्या थांबण्यानंतर जे येते, ते माझ्या मते या गाण्याचे मर्म आहे. ऑर्गन पुन्हा तीच आरंभीची आकृती, तितक्याच हळू आवाजात, जणू मध्ये काही घडलेच नाही अशा थाटात वाजवू लागतो. ज्या प्रयोगात हे परतणे साधले तो प्रयोग जमला, आणि ज्यात ते साधले नाही त्यात किंकाळी कितीही उंच गेली तरी ती केवळ कसरत ठरते.

इंदूरमध्ये वाढलेल्या माणसाला ही गोष्ट समजायला फारसे कष्ट पडू नयेत. इंदूरचेच ख्यालगायक उस्ताद अमीर खाँ यांचा अतिविलंबित झुमरा, म्हणजे अतिशय संथ लयीतल्या झुमरा तालातला ख्याल, ज्यांच्या घरात वाजला आहे, त्यांना आवाज न चढवता ताण कसा वाढवता येतो हे ठाऊक असते. मी दोन्ही संगीतांची बरोबरी करत नाही, कारण रॉकमध्ये स्वरविस्ताराची ती शिस्त नाही आणि ख्यालात चौदा हजार रुपयांच्या स्पीकरचा पडदा फाटेल असा शेवट नाही. तरीही ऐकण्याची सवय तीच लागते, म्हणजे घाई न करता वाट पाहण्याची.

या सुरांच्या उगमाबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण त्यात मुंबईचे नाव आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ या बँडने 1969 साली आपल्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेवर ‘बॉम्बे कॉलिंग’ नावाची व्हायोलिनप्रधान, विनाशब्दांची रचना दिली होती. लॉर्ड ती धून तालमीत ऑर्गनवर छेडत बसला, तिची लय उतरवली गेली, आणि त्यावर गिलनने शीतयुद्धाच्या भीतीचे शब्द बसवले. जगावर गोळ्या झाडणारा एक आंधळा माणूस एवढीच प्रतिमा त्या शब्दांत आहे. मूळ रचनेतली मुंबई नावापुरतीच होती, आणि लंडनला पोहोचेपर्यंत नावही गळून पडले. उसनवारी उघड आहे आणि बँडमधल्यांनी ती लपवलेलीही नाही. मात्र दोन्ही रचना लागोपाठ ऐकल्यास हेही लक्षात येते की मूळ धून चालीवर चालते, तर हे गाणे शांततेवर उभे आहे.

गिलन आणि बेस वाजवणारा रॉजर ग्लोव्हर हे दोघे 1969 च्या उन्हाळ्यात बँडमध्ये आले, आणि त्याच वर्षी 24 सप्टेंबरला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये लॉर्डने बँड आणि वाद्यवृंद यांच्यासाठी रचलेल्या कॉन्चेर्टोपूर्वी बँडने जे थोडे स्वतःचे वाजवले, त्यात हे गाणे होते. म्हणजे स्टुडिओत जाण्यापूर्वीच ते लोकांसमोर वाजून झाले होते. स्टुडिओतील मुद्रणाला त्याचा फायदा झाला आहे. ‘इन रॉक’वर अमेरिकेतील माउंट रशमोरच्या कातळात पाच वादकांचे चेहरे कोरल्याचे चित्र आहे, आणि त्या चित्रातला दगडीपणा बाकीच्या गाण्यांना शोभतो. हे गाणे तेवढे त्यात वेगळे पडते. त्यातला समतोल अचूक आहे, प्रत्येक वाद्य आपल्या जागी आहे, आणि चोविशीतल्या गिलनचा आवाज काचेसारखा स्वच्छ लागला आहे. माझी तक्रार एवढीच की तेथे सगळे थोडे आधी ठरवून केल्यासारखे वाटते. परतीचा क्षण नेमका आहे, पण त्यात जोखीम नाही.

जोखीम ओसाकाला आहे. 1972 च्या 15 आणि 16 ऑगस्टला ओसाकाच्या फेस्टिव्हल हॉलमध्ये आणि 17 ऑगस्टला टोकियोच्या बुडोकानमध्ये, असे तीन कार्यक्रम मार्टिन बर्च या ध्वनिमुद्रकाने आठ ट्रॅकच्या यंत्रावर उतरवले. बँडला ही ध्वनिमुद्रिका केवळ जपानपुरतीच हवी होती, आणि मुखपृष्ठावरचे छायाचित्र तर लंडनच्या रेनबो थिएटरमधले आहे, हा ‘मेड इन जपान’ या नावावरचा विनोद मला अजून करमणुकीचा वाटतो. ‘चाइल्ड इन टाइम’ निवडले गेले ते 16 तारखेचे, म्हणजे गिलनला सत्तावीस पूर्ण व्हायला तीन दिवस बाकी असतानाचे.

या आवृत्तीत पहिली गोष्ट जाणवते ती प्रेक्षागृहाची. आरंभीच्या ऑर्गनखाली हजारो माणसे बसली आहेत हे कळते, पण ती जवळजवळ ऐकू येत नाहीत. लॉर्ड आपला हॅमंड मार्शल अ‍ॅम्प्लिफायरमधून वाजवत असे, जो मुळात गिटारसाठी बनवलेला आहे, त्यामुळे हळू वाजवतानाही त्या सुराच्या कडेला एक बारीक खरखर राहते. गुरगुरणारे जनावर झोपले असावे तशी ती असते, आणि आवाज वाढू लागला की तीच खरखर पुढे येते. गिलनच्या पहिल्या गुणगुणण्यात येथे किंचित श्वास ऐकू येतो, जो स्टुडिओत येत नाही. तिसऱ्या फेरीच्या किंकाळीत आवाज फाटत नाही, उलट तो अरुंद होत जातो. बहुतेक गायक उंच स्वराला जाताना आवाज रुंद करतात आणि तेथेच फसतात, हे ज्यांनी कॉलेजच्या स्नेहसंमेलनात हे गाणे गाण्याचा अविचार केला आहे त्यांना मी नव्याने सांगण्याची गरज नाही. मी तो एकदा केला आहे.

ब्लॅकमोरचे वादन या आवृत्तीत जास्त लांबते आणि त्यामुळेच ते अधिक मोलाचे आहे. सुरुवातीला तो मुद्दाम कमी वाजवतो, मधल्या जागा मोकळ्या ठेवतो, आणि पेस त्या जागांत भर न घालता वाट पाहतो. लय दुप्पट झाल्यावर मात्र कोण कोणाला ढकलत आहे हे सांगता येत नाही. मग तो कडा येतो, एक क्षण रिकामा जातो, आणि ऑर्गन परततो.

आमच्या रामबागेतल्या घराच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. वय शहात्तर, आयुष्यभर अमीर खाँ आणि कुमार गंधर्व यांखेरीज फारसे काही ऐकलेले नाही, आणि माझ्या संगीताला ते ‘तुझा कारखाना’ म्हणतात. एका रात्री ते विजेच्या बिलाचे विचारायला वर आले आणि हे गाणे चालू असताना दारातच उभे राहिले. वेगवान भागात त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या. ऑर्गन परतला तसे ते एकदम म्हणाले, “अरे, हा तर वापस आला रे! मला वाटलं, हरवला.” मी त्यांना बसायला सांगितले, पण शेवटच्या आरडाओरड्याला ते थांबले नाहीत. तो शेवट, ज्यात लय पुन्हा भरकटत वाढते आणि सगळे एका ढिगाऱ्यात कोसळते, त्याबद्दल माझेही मत काकांपेक्षा फार वेगळे नाही. तो आवश्यक आहे, पण परतीच्या त्या क्षणाइतका सुंदर नाही.

इतर प्रयोगांबद्दल थोडक्यात सांगतो. 12 नोव्हेंबर 1970 चा स्टॉकहोमचा कार्यक्रम उपलब्ध आहे आणि त्यात हे गाणे सतरा मिनिटांच्या आसपास जाते. त्यात कल्पना भरपूर आहेत, पण मधला भाग इतका पसरतो की परत येईपर्यंत आपण कोठून निघालो होतो याचा विसर पडतो. 1 मार्च 1972 च्या कोपनहेगनच्या कार्यक्रमाचे चित्रीकरण अवश्य पाहावे, कारण किंकाळीच्या वेळी गिलन किती स्थिर उभा असतो हे त्यातच कळते. 1984 साली हेच पाच जण पुन्हा एकत्र आल्यानंतरचे प्रयोग मला ऐकवत नाहीत. या पाच जणांच्या 1993 च्या शेवटच्या दौऱ्यातले मुद्रण ‘कम हेल ऑर हाय वॉटर’वर आहे. त्या वेळी गिलन अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. त्याचा आवाज थकलेला आहे यात त्याचा काही दोष नाही, परंतु विकत घेण्याचे ते कारणही होऊ शकत नाही. पुढे त्याने हे गाणे कार्यक्रमांतून काढून टाकले, ते योग्यच केले.

आता वस्तूकडे वळतो. माझी पहिली प्रत ज्या ऑनलाइन विक्रेत्याकडून आली, त्याने ती पातळ पुठ्ठ्यात गुंडाळून पाठवली होती, आणि पार्सल दुपारभर कोणत्या तरी टेम्पोत उन्हात पडून होते. मे महिन्यातल्या इंदूरच्या दुपारी एलपीचे काय होते ते सांगायला नको. पहिली तबकडी टर्नटेबलवर ठेवली तेव्हा सुई लाटेवरच्या होडीसारखी वर-खाली होत होती. दोन आठवड्यांच्या पत्रव्यवहारानंतर बदली प्रत आली, आणि ती सपाट होती. मागवायचीच असेल तर दिवाळीनंतर मागवावी.

सपाट प्रतीतही एक अडचण उरते, आणि ती कोणत्याही विक्रेत्याची चूक नाही. एलपी मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे याच ठरावीक गतीने फिरते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 50 सेंटीमीटर खाच सरकते आणि अगदी आतल्या टोकाला ती लांबी 21 सेंटीमीटरच्या आसपास उरते. तेवढ्याच वेळाचा आवाज निम्म्याहून कमी जागेत बसवावा लागतो, म्हणून आतल्या भागात वरचे स्वर कुरकुरतात. ‘चाइल्ड इन टाइम’ हे ‘इन रॉक’वरही पहिल्या बाजूचे शेवटचे गाणे आहे आणि ‘मेड इन जपान’वरही. म्हणजे गाण्यातला सर्वांत तीव्र भाग नेमका सर्वांत आतल्या खाचांत येतो. ‘मेड इन जपान’ची ती बाजू जेमतेम एकोणीस मिनिटांची असल्यामुळे मधोमध बरीच जागा मोकळी राहते आणि हानी मर्यादित होते, तरीही दुसऱ्या वेळच्या किंकाळ्यांत माझ्या साध्या सुईवर गिलनचा आवाज आणि झांज एकमेकांत मिसळतात. महागडी सुई घेतल्यास फरक पडेल, पण त्या पैशात सीडी प्लेयर येतो.

सीडी घेतानाही एक काळजी घ्यावी. आवाज मोठा भासावा म्हणून पुनर्मुद्रणात हळू भाग वर उचलण्याची जी पद्धत रुळली आहे, ती या गाण्याला मारक आहे. आरंभीचा ऑर्गन आणि किंकाळी यांत अंतरच उरले नाही, तर परतण्याला अर्थ राहत नाही. दुकानात ऐकण्याची सोय असेल तर पहिले अर्धे मिनिट ऐकावे. आवाज वाढवण्यासाठी हात आपोआप बटणाकडे गेला पाहिजे. गेला नाही, तर ती प्रत परत ठेवावी. ज्यांना तीनही रात्री शेजारी ठेवून ऐकायच्या आहेत, त्यांच्यासाठी 1993 साली निघालेला ‘लाइव्ह इन जपान’ हा तीन सीडींचा संच आहे, आणि 15 तारखेच्या तुलनेत 16 तारखेचीच निवड का झाली हे त्यावरून पटते.

एलपी मी परत केली नाही. मोठ्या आकाराचे सोनेरी मुखपृष्ठ हातात घेऊन बसण्याचा आनंद सीडीच्या डबीत नाही, आणि चौथ्या बाजूवरचे ‘स्पेस ट्रकिन’’ तेथे उत्तम वाजते. पहिल्या बाजूच्या बाबतीत मात्र आता माझा परिपाठ ठरला आहे. रात्री अकरानंतर, गल्लीतल्या वरातींचे बँड शांत झाले की ‘हायवे स्टार’ एलपीवर लावतो, ते संपताच उठून सुई उचलतो, आणि पुढची बारा मिनिटे सीडीवर ऐकतो.